कॉन्फिगरेशन एडिटर उघडत नाही तेव्हा

प्रोग्राम लिहिणे आणि तो एखाद्या ठरावीक यंत्रासाठी जुळवून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामात किती दिवस जातात याचा हिशेब प्रकल्पाच्या अहवालात सहसा येत नाही, पण ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे त्यांना तो चांगला ठाऊक असतो. छोट्या नियंत्रक-चिपवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वाय-फाय ठेवायचे की नाही, ब्लूटूथचा कोणता प्रकार घ्यायचा, फ्लॅश म्हणजे वीज गेल्यावरही टिकणारी स्मृती किती मेगाबाइटची धरायची, नोंदी किती तपशिलात छापायच्या, असे शेकडो निर्णय बिल्डच्या आधी, म्हणजे लिहिलेल्या मजकुराचे चिपला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर होण्याच्या आधी, घ्यावे लागतात. हे सगळे निर्णय शेवटी एका साध्या मजकूर-फाईलमध्ये जाऊन बसतात. मात्र ती फाईल हाताने न लिहिता मेनू, चौकटी आणि खुणांच्या मदतीने पर्याय निवडू देणारे जे साधन असते, त्याला कॉन्फिगरेशन एडिटर म्हणतात.

आज वापरात असलेल्या अशा अनेक एडिटरांचे मूळ लिनक्स कर्नलमध्ये आहे. कर्नलची जुनी संरचना-पद्धत अपुरी पडू लागली तेव्हा एरिक रेमंड यांनी सीएमएल-२ नावाची नवी पद्धत सुचवली होती. ती स्वीकारली गेली नाही, आणि तिच्यावरच्या आक्षेपांपैकी एक असा होता की कर्नल बांधायला बसणाऱ्या प्रत्येकाला त्यासाठी पायथन ही वेगळी भाषा आपल्या संगणकावर बसवावी लागली असती. पुढे २००२ मध्ये रोमन झिपेल यांची केकॉन्फिग ही पद्धत कर्नलच्या २.५.४५ या आवृत्तीत आली आणि टिकली. केकॉन्फिग म्हणजे कोणते पर्याय उपलब्ध आहेत, ते कोणत्या अटींवर उपलब्ध आहेत आणि त्यांची मूळ किंमत काय, हे सांगणारी एक छोटी वर्णनभाषा आहे. ईएसपी-३२ या चिपसाठीच्या ईएसपी-आयडीएफ या विकास-संचाने हीच भाषा उचलली, पण तिचा अर्थ लावण्याचे काम मात्र पायथनवर सोपवले. त्यामुळे सीएमएल-२ च्या वेळी ज्या गोष्टीची धास्ती घेतली गेली होती, ती आज या चिपवर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. एडिटर उघडत नसल्याच्या तक्रारींचा मागोवा घेतला तर त्यांतल्या बऱ्याच पायथनपाशी येऊन थांबतात. त्या वेळचा आक्षेप अवाजवी नव्हता, असे हे काम करताना वारंवार वाटते.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी ईएसपी-३२ चे बोर्ड सर्रास वापरले जातात. चिप स्वस्त आहे, वाय-फाय आणि ब्लूटूथ तिच्यातच आहे, त्यामुळे जमिनीतल्या ओलाव्याची मोजणी असो की वीजमीटरचे वाचन, विद्यार्थ्यांचा हात आधी याच बोर्डकडे जातो. व्हीएस कोड या संपादकात ईएसपी-आयडीएफचे एक्स्टेन्शन, म्हणजे जोडप्रणाली, टाकली की ‘एसडीके कॉन्फिगरेशन एडिटर’ हे पान मिळते आणि निवडी त्यावरून करता येतात. निदान तसे अपेक्षित असते. प्रत्यक्षात अनेकांच्या पडद्यावर कोरी खिडकी येते, नाहीतर गोल फिरणारी खूण संपतच नाही, नाहीतर उजव्या कोपऱ्यात एक लाल पट्टी क्षणभर दिसून नाहीशी होते.

अशा वेळी विद्यार्थी म्हणतो, ‘एडिटर बिघडला.’ या समजुतीतून बाहेर येणे हे या कामातले पहिले महत्त्वाचे वळण होय, आणि ते यायला वेळ लागतो, कारण डोळ्यांसमोर एडिटरच दिसत असतो. वास्तविक त्या पानाला स्वतःचे असे फारच थोडे ज्ञान असते. पान उघडण्याची आज्ञा दिली की जोडप्रणाली आधी पायथन शोधते. पायथन ईएसपी-आयडीएफची मुख्य आज्ञावली चालवतो. ती आज्ञावली सीमेक या साधनाकडून प्रकल्पाची बांधणी-योजना तयार करून घेते. त्या योजनेतून कोणकोणते घटक प्रकल्पात आहेत ते ठरते. प्रत्येक घटकाची केकॉन्फिग फाईल गोळा होते. आणि त्यानंतर कॉन्फसर्व्हर नावाचा एक मदतनीस प्रोग्राम सुरू होऊन एडिटरशी जेसन या मजकूर-स्वरूपात देवाणघेवाण करू लागतो. यांतली कोणतीही एक कडी निखळली, तरी दिसणारे लक्षण एकच असते आणि ते म्हणजे न उघडलेले पान.

या साखळीचा एक परिणाम नवख्या माणसाला चमत्कारिक वाटतो. प्रकल्पाच्या सीमेक-फाईलमध्ये एखाद्या घटकाचे नाव एका अक्षराने चुकले, तर सेटिंगचे पान उघडत नाही, जरी त्या घटकाचा आणि बदलायच्या सेटिंगचा काहीही संबंध नसला तरी. एका प्रकल्पगटाने याच कारणासाठी एडिटरची जोडप्रणाली दोनदा काढून पुन्हा टाकली होती. टर्मिनलमध्ये, म्हणजे लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत, तेच काम मेनूकॉन्फिग या, सेटिंगचा अक्षरी मेनू उघडणाऱ्या, आज्ञेने करायला सांगितल्यावर पहिल्या काही ओळींतच ‘अमुक घटक सापडला नाही’ असा संदेश आला आणि चुकलेले नाव समोर दिसले. संदेश आधीही उमटतच होता, पण एडिटरच्या खालच्या पट्टीतल्या एका न उघडलेल्या खिडकीत.

त्यामुळे पडद्यावरचे साधन अडले की तोच प्रश्न पडद्याविना, थेट टर्मिनलमध्ये विचारायचा, ही सवय या कामात सर्वांत जास्त वेळ वाचवते. टर्मिनलमध्ये मेनूकॉन्फिग उघडले, तर दोष एडिटर आणि साखळी यांच्यामधल्या दुव्यात आहे. तिथेही उघडले नाही, तर दोष साखळीतच आहे. एका आज्ञेत अर्धे क्षेत्र बाद होते. दुसरी सवय म्हणजे संदेश वरून वाचणे. बिल्ड कोसळल्यावर खाली जी दहा-वीस ओळींची लाल रांग उरते, ती बहुतेक वेळा पहिल्या चुकीचे पडसाद असते, आणि विद्यार्थी नेमकी शेवटची ओळ शोधयंत्रात टाकतो. ती ओळ ‘आज्ञा अयशस्वी झाली’ एवढेच सांगत असते, आणि जगातल्या शेकडो वेगवेगळ्या बिघाडांच्या शेवटी हीच ओळ येत असल्यामुळे सापडणारे उपायही शेकडो निघतात.

‘टर्मिनलमध्ये चालते, पण एडिटरमध्ये चालत नाही’ ही तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामसोबत काही नावे आणि त्यांच्या किमती यांची एक यादी असते; या नावांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. आज्ञा कोणत्या फोल्डरांमध्ये शोधायच्या, ईएसपी-आयडीएफ कुठे ठेवले आहे, अशा गोष्टी त्यांत नोंदलेल्या असतात. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याला ही यादी त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडून नक्कल म्हणून मिळते, आणि त्यानंतर मूळ यादीत कोणी बदल केला तरी तो नकलेत उतरत नाही. ईएसपी-आयडीएफची ‘एक्स्पोर्ट’ आज्ञावली टर्मिनलमध्ये चालवली की त्या टर्मिनलच्या यादीत आवश्यक किमती भरल्या जातात. परंतु स्टार्ट मेनूतून किंवा खालच्या पट्टीवरच्या चिन्हावरून उघडलेल्या एडिटरला त्या टर्मिनलचा पत्ताच नसतो. दोन्ही खिडक्या एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे दोघींना एकच माहिती असणार असे डोळ्यांना वाटते, आणि या समजापायी हुशार मुलांचेही दिवस पाण्यात गेलेले पाहण्यात आले आहेत. विंडोजमध्ये एखादे व्हेरिएबल नव्याने लिहिल्यावर एडिटरच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो पुन्हा उघडावा लागतो, यामागचे कारणही हेच.

जोडप्रणाली ही अडचण टाळण्यासाठी आवश्यक पत्ते स्वतःच्या सेटिंग-फाईलमध्ये लिहून ठेवते. मात्र अशा फाईली दोन असतात: एक त्या वापरकर्त्याची, सर्व प्रकल्पांना लागू होणारी, आणि दुसरी प्रकल्पाच्या फोल्डरात, ‘डॉट व्हीएसकोड’ नावाच्या उपफोल्डरात. दोन्हींत एकच नोंद असेल तर प्रकल्पातली फाईल वरचढ ठरते. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आधीच्या तुकडीचा प्रकल्प पेन ड्राइव्हवरून नव्या तुकडीकडे आला होता, आणि एकाही संगणकावर त्याचे सेटिंगचे पान उघडत नव्हते, तर नव्याने सुरू केलेला रिकामा प्रकल्प त्याच संगणकांवर विनासायास उघडत होता. हा फरक लक्षात आला तिथेच अर्धे उत्तर मिळाले होते, कारण संगणक तोच, एडिटर तोच आणि बदललेला होता तो फक्त प्रकल्प. उपफोल्डरातली फाईल उघडल्यावर ईएसपी-आयडीएफच्या पत्त्यात एक वर्षापूर्वी पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याच्या वापरकर्ता-फोल्डरचे नाव होते. त्या ओळी काढल्यावर पुढचा अडथळा आला: सोबत नक्कल होऊन आलेल्या ‘बिल्ड’ फोल्डरातल्या सीमेकच्या साठवलेल्या नोंदींतही तोच जुना पत्ता होता, आणि सीमेकने तो आताच्या पत्त्याशी जुळत नाही असे स्पष्ट सांगून काम थांबवले. ‘बिल्ड’ फोल्डर पूर्ण पुसल्यावर पान उघडले. तो फोल्डर पुसायला विद्यार्थी घाबरत होते, हे लिहून ठेवण्यासारखे आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट मूळ फाईलींपासून पुन्हा तयार होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पत्त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेषत्वाने आढळते. दुकानातून संगणक घेताना दुकानदारच विंडोजमध्ये वापरकर्त्याचे खाते उघडून देतो, आणि त्याला नाव देतो नाव-आडनाव असे, मध्ये मोकळी जागा सोडून. क्वचित कोणी हौसेने देवनागरीतही लिहितो. त्या नावाचा फोल्डर तयार होतो आणि पुढे बसवलेली साधने त्याच्या पोटात जातात. ईएसपी-आयडीएफच्या विंडोजवरील बसवणीच्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की पत्त्यात मोकळी जागा किंवा कंस नसावेत, साध्या इंग्रजी अक्षरसंचाबाहेरची चिन्हे नसावीत आणि पत्ता ९० अक्षरांपेक्षा लांब नसावा. ही ९० अक्षरांची मर्यादा उगीच घातलेली नाही, कारण विंडोजमध्ये पत्त्याची परंपरागत मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि बिल्डच्या वेळी फोल्डरात फोल्डर असे इतके थर होतात की सुरुवातच लांब असली तर शेवट मर्यादेपलीकडे जातो. यावरचा उपाय साधा आहे: सी ड्राइव्हच्या मुळाशी एक लहान नावाचा फोल्डर करून साधने आणि प्रकल्प तिथे ठेवायचे. आपल्या लिपीतले नाव साधनाला सोसत नाही ही गोष्ट मात्र मनाला लागते, आणि आजच्या काळात ती साधनाचीच उणीव मानली पाहिजे.

पायथनच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते ती संगणकाची प्रणाली अद्ययावत केल्यावर. ईएसपी-आयडीएफ आपल्याला लागणारी पायथनची पॅकेजे एका स्वतंत्र कोशात ठेवते. त्याला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात, आणि त्या कोशाच्या फोल्डराच्या नावातच ईएसपी-आयडीएफची व पायथनची आवृत्ती लिहिलेली असते. एका छोट्या उत्पादन-कार्यशाळेत सगळे सुरळीत चालू असताना संगणकावरची उबंटू प्रणाली २२.०४ वरून २४.०४ वर नेली गेली, त्याबरोबर पायथन ३.१० चा ३.१२ झाला, आणि दुसऱ्या दिवशी सेटिंगचे पान उघडेना. साधने आता नावात ३.१२ असलेला कोश शोधत होती आणि फोल्डरात ३.१० चा होता. टर्मिनलमधला संदेश नेमका होता: कोश सापडला नाही, बसवणीची आज्ञावली पुन्हा चालवा. ती चालवल्यावर काम झाले. पण त्याआधी अर्धा दिवस जोडप्रणालीच्या जुन्या-नव्या आवृत्त्या आळीपाळीने टाकून पाहण्यात गेला होता, कारण ‘आम्ही तर काहीच बदलले नाही’ हे सगळ्यांनी मनापासून सांगितले होते आणि ते आपल्या परीने खरेही होते. प्रणाली अद्ययावत करणे हा बदल म्हणून कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. या क्षेत्रात काही वर्षे घालवलेला माणूस म्हणूनच ‘काय बदलले?’ असे विचारत नाही. ‘शेवटचे कधी चालले होते, आणि त्यानंतर संगणकावर काय-काय केले, अगदी त्याचा संबंध नाही असे वाटले तरी?’ असे तो विचारतो.

सगळे पुसून पुन्हा बसवण्याच्या सवयीबद्दल इथेच बोलले पाहिजे. ती आळसातून येत नाही, कारण पुन्हा बसवण्यात उलट जास्त कष्ट आहेत. महाविद्यालयाच्या मंद जोडणीवर साधनसंच पुन्हा उतरवायचा म्हणजे दुपार जाते. ती हतबलतेतून येते. परंतु त्या उपायाने कधी गुण आला तरी दोष कोणता होता हे कळत नाही, आणि गुण आला नाही तर दोषाचे पुरावे पुसले गेलेले असतात: जुनी नोंदवही गेलेली असते, जुने पत्ते गेलेले असतात, आणि वर दोन आवृत्त्यांचे अवशेष एकमेकांत मिसळून नवा गोंधळ झालेला असतो. साप साप म्हणून भुई धोपटण्याचाच हा प्रकार आहे. जोडप्रणालीत ‘डॉक्टर’ नावाची एक आज्ञा आहे, जी सर्व पत्ते, आवृत्त्या आणि शेवटच्या नोंदी एका अहवालात मांडते. काहीही पुसण्यापूर्वी तो अहवाल जपून ठेवावा, एवढा एक नियम प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला तरी पुष्कळ साधेल.

जुन्या साधनांची आठवण या संदर्भात होते. लिनक्स कर्नलचे मेनूकॉन्फिग अडायचे ते मुख्यतः दोन ठिकाणी. अक्षरी पडद्यावर मेनू रंगवणारी एनकर्सेस ही ग्रंथावली नसेल तर ते तसे स्पष्ट सांगते, आणि खिडकी लहान असेल तर किमान १९ ओळी आणि ८० स्तंभ हवेत असे आकड्यांनिशी सांगते. काय कमी आहे ते एका वाक्यात कळते. नव्या, देखण्या एडिटरांनी सोय खूप वाढवली, पण मधल्या कड्या वाढल्यामुळे कारण आणि लक्षण यांच्यातले अंतरही वाढवले.

पान उघडल्यावर काम संपते असे नाही. ‘हवा तो पर्यायच एडिटरमध्ये नाही’ ही तक्रार त्यानंतर येते, आणि तिचे निरसन करताना केकॉन्फिगचे खरे स्वरूप समजते. या भाषेत प्रत्येक पर्यायाला अटी जोडता येतात, आणि अट पूर्ण नसेल तर तो पर्याय मेनूत दिसतच नाही. एका प्रकल्पात मोबाइलवरून बोर्डकडे क्लासिक ब्लूटूथने, म्हणजे ब्लूटूथच्या जुन्या आणि सलग प्रवाहाला सोयीच्या प्रकाराने, माहिती पाठवायची होती. जुन्या ईएसपी-३२ बोर्डवर ते चालले होते. नवा, अधिक ताकदीचा म्हणून ईएसपी-३२-एस-३ चा बोर्ड आणला, आणि एडिटरमधून क्लासिकचा पर्याय नाहीसा झाला. गटाने एडिटर सदोष ठरवला. प्रत्यक्षात एस-३ मध्ये ब्लूटूथचा फक्त कमी ऊर्जेचा प्रकार आहे, क्लासिक नाहीच, आणि एडिटर ते न बोलता सांगत होता. गंमत अशी की जुन्या चिपवरही हा पर्याय नाहीसा होऊ शकतो: ब्लूटूथची वरची व्यवस्था म्हणून ब्लूड्रॉइडऐवजी निंबल निवडले, तर क्लासिक दिसत नाही, कारण निंबल फक्त कमी ऊर्जेच्या प्रकारासाठी आहे. पर्याय दिसत नसेल तेव्हा त्याची केकॉन्फिग फाईल उघडून ‘डिपेंड्स ऑन’ या शब्दांपुढची अट वाचावी. ज्या विद्यार्थ्याने हे एकदा स्वतः केले, त्याची एडिटरकडे पाहण्याची दृष्टीच बदललेली दिसते, कारण पडद्यावर काय येते ते कुठून येते हे त्याला आता ठाऊक असते.

याच टप्प्यावर फ्लॅशच्या आकाराची गोष्ट घडते. ईएसपी-३२ साठी मूळ किंमत २ मेगाबाइट धरलेली असते, बाजारात मिळणाऱ्या सामान्य बोर्डवर मात्र बहुधा ४ मेगाबाइट असतात. प्रोग्रामसाठी फ्लॅशचे मोठे विभाग आखले की ते २ मेगाबाइटमध्ये मावत नाहीत असा संदेश येतो. कोणीतरी सांगते की ‘एसडीकेकॉन्फिग डॉट डिफॉल्ट्स’ या फाईलमध्ये ४ लिहा. विद्यार्थी लिहितो, पुन्हा बिल्ड करतो, आणि संदेश तोच. याचे कारण असे की प्रत्यक्ष निवडी ‘एसडीकेकॉन्फिग’ या दुसऱ्या फाईलमध्ये असतात, आणि तिथे एखादी किंमत आधीच लिहिलेली असेल तर डिफॉल्ट्समधल्या किमतीकडे पाहिले जात नाही. एकतर मेनूतून किंमत बदलायची, नाहीतर एसडीकेकॉन्फिग पुसून ती डिफॉल्ट्सवरून नव्याने तयार होऊ द्यायची. पुसायची असेल तर आधी तिच्यातल्या हाताने केलेल्या निवडी डिफॉल्ट्समध्ये उतरल्या आहेत याची खात्री करावी. चिप बदलण्याची आज्ञा दिल्यावरही ती फाईल नव्याने लिहिली जाते, जुनीची एक प्रत ‘ओल्ड’ नावाने मागे राहते, पण ती तिथे आहे हे माहीत असेल तरच तिचा उपयोग.

अनेकांनी मिळून करायच्या प्रकल्पात म्हणून डिफॉल्ट्स फाईल गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या व्यवस्थेत, ठेवावी आणि एसडीकेकॉन्फिग वगळावी, ही पद्धत सोयीची ठरते. सेव्हडेफकॉन्फिग ही आज्ञा मूळ किमतींहून वेगळ्या असलेल्या तेवढ्याच निवडी काढून डिफॉल्ट्स फाईल लिहून देते. हजारो ओळींच्या फाईलच्या जागी पंधरा-वीस ओळी उरतात आणि प्रकल्पाने नेमके काय ठरवले आहे ते एका नजरेत दिसते. मात्र ही आज्ञा फाईल नव्याने लिहीत असल्यामुळे, अमुक निवड का केली याबद्दल कोणी हाताने टिपा लिहिल्या असतील तर त्या नाहीशा होतात. टिपांसारख्या दिसणाऱ्या सगळ्याच ओळी टिपा नसतात, हेही इथेच लक्षात ठेवावे लागते: लिनक्स कर्नलच्या फाईलप्रमाणेच एसडीकेकॉन्फिगमध्येही ‘अमुक पर्याय सेट नाही’ असे सांगणारी, टिपेच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ ही प्रत्यक्षात नकाराची नोंद असते, आणि कोणी फाईल नीटनेटकी करण्याच्या भरात ती काढली तर मुळात चालू असलेला पर्याय पुन्हा चालू होतो. या दोन्ही कारणांमुळे एका कार्यशाळेने निवडींची कारणे फाईलमध्ये लिहिणे थांबवले आणि गिटमध्ये बदल नोंदवताना लिहायच्या संदेशात ती लिहायला सुरुवात केली: कोणता पर्याय, कोणत्या बोर्डसाठी, कोणता बिघाड दिसला म्हणून. नवा माणूस रुजू झाला की त्याला एडिटर उघडून देण्याआधी तो इतिहास वाचायला दिला जातो.